डभोईची हिरा भागोळ : मुलांना आधी गोष्ट सांगावी की आधी दगड दाखवावा?

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतली बारा-पंधरा मुलं घेऊन डभोईला जायचं ठरतंय. वयं नऊ ते पंधरा. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि खेळताना गुजराती अशी अस्सल बडोद्याची मुलं आहेत. डभोई आपल्यापासून तीस-एक किलोमीटर, पण यातल्या एकानेही पाहिलेलं नाही. केवडियाला जाताना गाडीतून पाटी तेवढी वाचलेली.

माझी आजी डभोईची. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकल्या की हिऱ्याची गोष्ट ठरलेली. विसलदेव राजा कोट बांधतोय, हिरा त्याचा कारागीर. हिऱ्याचा तेन नावाच्या मुलीवर जीव. तिच्या गावात पाणी नाही, म्हणून राजाच्या दगडातले दगड गुपचूप वळवून त्याने तिथे तळं बांधलं. राजाला कळलं आणि त्याने हिऱ्याला भागोळीच्या, म्हणजे कोटाच्या दरवाजाच्या, भिंतीत जिवंत चिणलं. त्याच्या माणसांनी भिंतीतल्या फटीतून तूप ओतून त्याला जगवलं. पुढे भागोळ तडकली, कोणाला दुरुस्त करता येईना, राजा पस्तावला. भिंत फोडली तर हिरा जिवंत!

गेल्या महिन्यात मी एकटी जाऊन आले. पाऊण तास नुसती ती फट शोधत होते. घरी येऊन फोटो बघितले तेव्हा कळलं की माझ्या डोक्यावर हत्ती, योद्धे, नर्तकी, देवदेवता रांगांनी कोरलेल्या होत्या आणि मी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मनात आहे की मुलांना गोष्ट आधी सांगितली तर तीही फटच शोधतील. न सांगता नेलं तर जुना दरवाजा म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडतील. तुम्ही काय कराल?

आणखी एक. गावातल्या एखाद्या मोठ्या भिंतीवर हिरा-तेनची गोष्ट रंगवावी अशी कल्पना कोणीतरी बोलून दाखवली. त्यावरही तुमचं मत हवंय.

मांडवीकर

गोष्ट आधी. यात विचार करण्यासारखं काही नाही ताई. गोष्टीशिवाय पोरं मान वर करणार नाहीत.

शिलालेख_वाचक

मला उलट वाटतं. गोष्ट एकदा कानात बसली की इतिहास आत शिरत नाही. कोटाची सुरुवात सोळंकी राजा सिद्धराज जयसिंहाकडे, म्हणजे बाराव्या शतकात नेतात. आज दिसतं ते वैभव तेराव्या शतकातल्या वाघेल्यांचं, म्हणजे विसलदेवाच्या राजघराण्याचं. हिरा भागोळीत वैद्यनाथाच्या देवळासंबंधीची विसलदेवाची प्रशस्ती, म्हणजे स्तुतीचा शिलालेख आहे, १२५३ सालचा. रचणारा सोमेश्वर, ‘कीर्तिकौमुदी’ हे काव्य लिहिणारा. वाघेल्यांच्या दरबारातला पुरोहित आणि कवी. दगडावर कोरलेलं साल समोर असताना मुलांना तुपाची गोष्ट कशाला?

तूपसाखर

माझ्या मुलाने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचा प्रश्न : “नुसतं तूप? पोळी कोणीच नाही दिली?” त्यानंतर महिनाभर तूप वाढताना आमच्या घरी हिऱ्याचं नाव निघायचं. शिलालेखातलं साल त्याने असं लक्षात ठेवलं असतं का?

रेवाकाठ

मी लग्न होऊन डभोईत आले त्याला सव्वीस वर्षं झाली. माहेर बडोद्यातला दांडिया बाजार. म्हणून दोन्हीकडून सांगते.

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “हिऱ्याला कुठे पुरलं?” आणि जो भेटेल तो वेगळी जागा दाखवतो. गोष्टीही वेगळ्या. कोणी म्हणतं तेनने तूप ओतलं, कोणी म्हणतं हिऱ्याच्या बायकोने, कोणाच्या गोष्टीत तो वाचतच नाही. माझ्या सासूबाईंच्या गोष्टीत तो वाचतो, पण भागोळ दुरुस्त करून झाल्यावर राजाकडे वळूनही न बघता तेनतलावच्या, म्हणजे त्याने बांधलेल्या तळ्याच्या, वाटेने निघून जातो. मला तोच शेवट खरा वाटतो.

सुरसागरकाठी, तुमच्या आजीचा वाडा कुठल्या बाजूला होता? वडोदरी भागोळ की नांदोदी? गावाला चार दिशांना चार भागोळी : पूर्वेला हिरा, पश्चिमेला वडोदरी, दक्षिणेला नांदोदी आणि उत्तरेला महुडी. जुनी माणसं पत्ता अजून भागोळीवरूनच सांगतात. हिरा भागोळीला लागूनच कालिका मातेचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आमच्यासाठी ती पाहायची वस्तू नाही, देवीला जायची वाट आहे. मुलांना हे नक्की सांगा.

सुरसागरकाठी

रेवाकाठ ताई, वडोदरी भागोळीच्या आत. वाडा आता नाही. सासूबाईंच्या शेवटाने डोळ्यांत पाणी आलं.

काळीमाती

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. त्या भागात कालव्यांच्या कामावर बरीच वर्षं काढली. माझं म्हणणं जरा लांबलचक आहे, पण सांगतोच.

वर सगळ्यांनी हिऱ्याचं प्रेम बघितलं, राजाचा राग बघितला. चोरी कशाची झाली याकडे कोणी बघितलं नाही. ना सोनं, ना रत्नं. दगड! दगड चोरला म्हणून माणसाला जिवंत चिणायचं? आपल्या सह्याद्रीत ही गोष्ट जन्मलीच नसती. तिथे पावलागणिक काळा पाषाण. कोणी चार दगड नेले तर राजा म्हणाला असता, ने बाबा.

आता बडोद्याहून डभोईला निघा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघा. कापूस, तूर, एरंडी, पुन्हा कापूस. खाली काळी माती आणि नद्यांनी आणलेला गाळ. नारळाएवढा दगड शेतात सापडायचा नाही. विहीर खणली तरी माती, त्याखाली वाळू. म्हणजे भागोळीचा एकेक चिरा पूर्वेकडच्या डोंगराळ भागातून बैलगाडीने आणलेला असणार. या मातीवर पाऊस पडला की गाडीचं चाक आसापर्यंत रुतणार, तेव्हा वाहतूक जी काय ती कोरड्या महिन्यांतच. एका चिऱ्यामागे किती बैल आणि किती दिवस गेले असतील याचा हिशेब करा. अशा मुलखात दगड म्हणजे खजिनाच. त्यातून कोणी एका मुलीच्या गावासाठी तळं बांधलं तर त्याची गोष्ट आठशे वर्षं टिकणारच.

दुसरं, भागोळ तडकण्याबद्दल. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा अशा पडतात की त्यात हात जातो. तिच्यावर जड बांधकाम केलं आणि पाया जरा चुकला की भिंतीला तडा आलाच. त्यात या भागोळी भिंतीतून एकावर एक पुढे काढलेल्या दगडी तोड्यांवर तोललेल्या. एक तोडा सरकला तर वरचं सगळं कोलमडेल. “तडा गेला आणि हिऱ्याशिवाय कोणाला सांधता येईना” हे वाक्य राजाच्या दरबारातलं वाटत नाही, गवंड्यांच्या तोंडचं वाटतं. ही गोष्ट कामावरच्या माणसांनी सांगितलेली आहे असं माझं ठाम मत आहे.

तूपसाखर

काळीमाती काका, दंडवत. हा प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवला.

ओवीकार

काळीमाती यांच्या शेवटच्या वाक्याला जोड देते. गुजरातेत राजा, तळं आणि राबणारी माणसं यांच्या गोष्टी आणखीही आहेत. पाटणच्या सहस्रलिंग तलावाची जसमा ओडण घ्या. ओड म्हणजे माती खणणारे. सिद्धराजाची नजर जसमावर गेली, ती वश झाली नाही, आणि तिच्या शापाने तळं कोरडं पडलं असं सांगतात. भवई या गुजराती लोकनाट्यात तिचा वेश, म्हणजे तिच्यावरचा खेळ, अजून होतो. दोन्हीकडे राजा बांधणारा म्हणून मिरवतो आणि गोष्ट मात्र टोपली उचलणाऱ्यांची बाजू घेते. शिलालेख राजाचा, लोककथा मजुराची. म्हणून शिलालेख_वाचक यांच्याशी मी असहमत आहे. ही गोष्ट इतिहासाच्या आड येत नाही. शिलालेखात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी तिथे आपली जागा करून घेतली.

शिलालेख_वाचक

मजुराची आठवण हे मान्य. पण आठवण आणि पुरावा यांत फरक ठेवावा एवढंच माझं म्हणणं. मुलांना दोन्ही सांगा, पण कुठलं काय ते स्पष्ट सांगा.

अलखनाथ

सगळे हिरा भागोळीतच अडकले म्हणून लिहितो. मुलांना महुडी भागोळीत न्यायला विसरू नका, हात जोडून विनंती.

तिथे नाथसिद्ध कोरलेले आहेत. आपल्याकडे श्रावणात नवनाथांची पोथी लागते, त्यातला माशाच्या पोटी आलेला मच्छिंद्रनाथ तिथे माशासह दगडात आहे. आजूबाजूला इतर सिद्ध, कोणी नुसते मांडी घालून बसलेले नाहीत, अंग मुडपून तोल सांभाळत कठीण आसनांत. योगाच्या इतिहासाचे अभ्यासक या शिल्पांना फार मानतात, कारण मांडी घालून बसण्यापलीकडची आसनं इतक्या जुन्या काळात दगडात क्वचितच दिसतात. काळ तेराव्या शतकाचा. ज्ञानेश्वरी १२९०ची आणि ही शिल्पं तिच्याही आधीची मानली जातात. ज्ञानदेवांची परंपरा आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी. म्हणजे आळंदीला ज्या परंपरेचं नाव आपण घेतो ती डभोईच्या वेशीवर आधीच उभी होती. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा भागोळीखाली दुचाकींचा गोंगाट चालला होता आणि मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो. कोणी काही बोललं नाही. एका भाजीवाल्या मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी सगळं सपाट वाटतं.

रेवाकाठ

अलखनाथ दादा, सव्वीस वर्षं मी त्या भागोळीखालून भाजी आणतेय. उद्या मान वर करते.

दाभाडेप्रेमी

मराठी मुलं आहेत आणि १ एप्रिल १७३१ चा कोणी उल्लेखच करत नाही! डभईची लढाई. थोरले बाजीराव विरुद्ध सेनापती त्रिंबकराव दाभाडे. भिलापूर आणि डभई यांच्या मधल्या मैदानात त्रिंबकराव पडले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. आपण बडोदेकर ज्या गायकवाडांच्या गावात राहतो त्यांचं नशीब त्या रानात पालटलं.

मांडवीकर

डभई की डभोई?

दाभाडेप्रेमी

जुन्या मराठीत डभई. बखरी बघा.

मांडवीकर

तिकीट काढताना डभोई म्हणा म्हणजे झालं. आणि बाजीरावांनी जे केलं ते राज्य एकसंध ठेवण्यासाठी. दाभाडे निजामाशी संधान बांधून होते.

दाभाडेप्रेमी

हा आरोप पेशव्यांच्या बाजूचा. लढाईनंतर शाहू महाराजांनी सेनापतिपद त्रिंबकरावांच्याच भावाला, यशवंतरावांना दिलं आणि पिलाजींना सेनाखासखेल हा किताब दिला. द्रोही समजले असते तर दिलं असतं का?

ओवीकार

तुम्ही दोघे वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे मुलांना उन्हात उभं करून ठेवलंय.

जुनाफाटक

अवांतर आहे, पण रेल्वेशिवाय डभोई पूर्ण होत नाही. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात मियागाम ते डभोई अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली आणि ती ओढायला बैल होते! इंजिनं नियमित धावू लागली १८७३पासून. कारण पुन्हा तेच, कापूस. या काळ्या मातीतला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत पोचवायचा होता. पुढे डभोई हे छोट्या रुळांचं जगातलं सर्वांत मोठं जंक्शन म्हणून ओळखलं जायचं. लहानपणी आम्ही त्या गाडीने चांदोदला जायचो. वेग इतका बेताचा की मामा बोलता बोलता खाली उतरून पुन्हा चढायचा, आणि आई दर वेळी ओरडायची. आता मोठी लाइन झाली, जानेवारी २०२१पासून केवडियापर्यंत गाडी जाते. सोय झाली हे खरंच. पण ती शिट्टी ऐकू आली की अंगावर अजून काटा येतो, जिथे कुठे ऐकू येईल तिथे.

काळीमाती

बैलांनी आधी दगड आणला, मग सहाशे वर्षांनी कापूस नेला. वाट तीच. छान आठवण दिलीत.

शिलालेख_वाचक

अजून एक धागा. जेम्स फोर्ब्स नावाचा कंपनीचा अधिकारी १७८०च्या सुमारास डभोईचा कारभार बघत होता. तो हिरा भागोळीच्या इतका प्रेमात पडला की त्याने तिची चित्रं काढली आणि पुढे आपल्या आठवणींत पानंच्या पानं लिहिली. राणीला यात्रेत मूल झालं आणि तिथेच गाव वसलं, ही विसलदेवाच्या जन्माची कथाही त्याने नोंदवली आहे. इंग्रज-मराठ्यांच्या सालबाईच्या तहानंतर गाव मराठ्यांना परत गेलं. तो निघाला तेव्हा डभोईची काही शिल्पं बरोबर घेऊन गेला आणि लंडनजवळ आपल्या बागेत अष्टकोनी मंडप बांधून त्यात बसवली. गावकऱ्यांनी खुशीने दिली असं तो लिहितो.

रेवाकाठ

हाताखालच्या माणसांनी साहेबाला “खुशीने” दिली. हिऱ्याने दगड वळवले ते चार कोसांवरच्या तळ्यासाठी, आणि त्याला चिणलं. साहेबाने समुद्रापार नेले आणि त्याला निरोप समारंभ. मला राग येतोय आणि तो यायलाच हवा.

कुंचला

भिंत रंगवण्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी चित्रं शिकवते, म्हणून बोलते. माझा सरसकट विरोध नाही. भित्तिचित्रं बडोद्याच्या रक्तात आहेत. तांबेकर वाड्यात वरच्या मजल्यावर जा : कृष्णलीला, लढाया, इंग्रज साहेब आणि मडमा, एकोणिसाव्या शतकातल्या मराठी दिवाणाच्या घरात भिंतभर. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांचं ‘गंगावतरण’ आहे, मी दर वर्षी विद्यार्थ्यांना त्याच्यासमोर नुसतं बसवते. दोन्ही ठिकाणी चित्रकाराला वेळ दिला गेला, भिंत त्याच्यासाठी तयार केली गेली.

हल्ली काय होतं? चार दिवसांत तैलरंगात भिंत उरकतात. दोन पावसाळ्यांत पोपडे. हिरा राजपुत्रासारखा गोरा, तेन सिनेमातल्या नटीसारखी. ज्याचे हात दगडाने फाटले असतील त्याला असं रंगवू नका. रंगवायचंच असेल तर कोटापासून दूर, नव्या वस्तीत रंगवा. जुन्या दगडाला रंगाचा थेंबही लागता कामा नये.

मांडवीकर

पुतळा करावा. केवडियाला १८२ मीटरचा उभा राहिला, घडवणारे राम सुतार आपल्या धुळ्याच्या गोंदूरचे. हिऱ्याचा वीस फुटी तरी व्हावा.

कुंचला

मांडवीकर काका, हिऱ्याचा पुतळा आहेच की. अख्खी भागोळ.

मांडवीकर

पटलं. शब्द मागे घेतो.

नर्मदेहर

मुलांना दिवसभर दगडच दाखवू नका. संध्याकाळी चांदोदला न्या, ओरसंग आणि नर्मदेचा संगम. आपली मंडळी तिथे बहुधा श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन जातात, त्यामुळे मुलांना ते गाव फक्त दुःखाचं वाटतं. नावेत बसवा, पलीकडे करनाळीचा कुबेरेश्वर दाखवा. गरबी ही गुजराती गाणी लिहिणारे कवी दयाराम चांदोदचे (जन्म १७७७) आणि राहिले डभोईत, हे सांगा. गंगनाथही तिथलंच. अरविंद घोष बडोद्यात असताना तिथे ब्रह्मानंद स्वामींच्या दर्शनाला गेले होते. त्या जागेच्या नावाने निघालेल्या राष्ट्रीय शाळेत शिक्षकांना घरातली नाती लावायची पद्धत होती. कालेलकर तिथेच ‘काका’ झाले आणि फडके ‘मामा’. आणखी पुढे जाता आलं तर गरुडेश्वर, टेंबे स्वामींची १९१४ची समाधी.

पाणपक्षी

हिवाळ्यात जात असाल तर वढवाणा तलाव! डभोई तालुक्यातच. सयाजीराव महाराजांनी शेतीसाठी बांधवला, ओरसंगचं पाणी त्यात येतं. २०२१मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पट्टेरी डोक्याचे हंस हिमालय ओलांडून तिथे उतरतात. पहाटे पोचायला हवं. एका माणसाने गावासाठी तळं बांधलं, दुसऱ्याने शेतांसाठी, आणि राहायला आले पक्षी.

सुरसागरकाठी

मंडळी, जाऊन आलो! कालच. चौदा मुलं, तीन आया, एक आजोबा.

काळीमाती काका, तुमचं ऐकलं. गाडीत बसताना ना गोष्ट सांगितली, ना इतिहास. एवढंच सांगितलं की रस्त्याच्या बाजूला शेतात नारळाएवढा दगड जो पहिला दाखवेल त्याला खिडकीची जागा. भिलापूरला थांबून दाभाड्यांना नमस्कार केला (दाभाडेप्रेमी, दोन्ही बाजू सांगितल्या), तिथेही मुलं शेताच्या बांधावर शोधत होती. एका शेतकरीदादांना विचारलं तर ते हसले, “अहीं पथरो क्यांथी?” डभोईपर्यंत एकालाही दगड सापडला नाही. खिडकीची जागा आजोबांना मिळाली.

आणि मग आम्ही हिरा भागोळीसमोर उतरलो. कोणी काही सांगायच्या आत आमच्या शेजारचा दहा वर्षांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, “मावशी, हे एवढे दगड आणले कुठून?” सगळ्यांच्या माना वर. पाऊण तास मुलांनी हत्ती मोजले. एकतीसनंतर भांडण झालं, कारण सोंड तुटलेला धरायचा की नाही यावर एकमत होईना. गोष्ट मी कालिका मातेच्या पायरीवर बसून सांगितली, शेवट रेवाकाठ ताईंच्या सासूबाईंचा. शिलालेख_वाचक, आधी प्रशस्तीबद्दल सांगितलं आणि मग “आता जे सांगते ते माझ्या आजीने सांगितलेलं” असं म्हणून सुरुवात केली. फट कोणीही शोधली नाही.

महुडी भागोळीत माशातला मच्छिंद्र एका मुलीने ओळखला, तिच्या घरी पोथी असते. दोघांनी तिथल्या तिथे एक आसन करून बघितलं आणि पडले. वढवाणा राहिला, पहाटे उठणं जमलं नाही. तेनतलावला मात्र गेलो. काठावर बसून दशम्या आणि लोणचं खाल्लं. परतताना सगळ्यांत लहान मुलीने विचारलं, “तेनने काय केलं? हिरा भिंतीत होता तेव्हा ती काय करत होती?” मला उत्तर देता आलं नाही. कोणाच्या आजीच्या गोष्टीत आहे का?

रेवाकाठ

सासूबाईंना आत्ताच विचारलं. म्हणाल्या, “पाणी भरत होती. त्याने तळं बांधलं होतं ना.”

पुढच्या खेपेला मुलांना घेऊन जेवायला घरी या. आधी फक्त आकडा कळवा.